पल्याडची मतं

कापितोलिना हरली हे कळलं तेव्हा आम्ही दोघं बेकरीच्या मागच्या दाराशी पावाचे ट्रे गाडीत चढवत होतो. डिसेंबरातला सोमवार होता. थंडी अशी की नाकातले केस कडक झाले होते. बेकरीतली बाई आतून रेडिओ मोठा करून ओरडली, "कापा, तुझं नाव घेतायत!"

आम्ही ट्रे हातात धरूनच ऐकलं. नाव घेतलं ते दुसऱ्या नंबरावर. प्रांताच्या विधानसभेवर आमच्या भागातून लाझुतिन निवडून आला होता. लाकडाच्या कारखान्याचा माणूस. आमच्याकडे लोकांनी त्याला पोस्टरवरच पाहिलं होतं.

तिनं ट्रे आत सरकवला, हात झटकले आणि म्हणाली, "चल वेन्या. आज पल्याडचा वार आहे."

ती माझी बायको. तिला जाऊन आता वर्ष होत आलं. वर्तमानपत्रात तिच्यावर लिहून आलं ते मी वाचलं. त्यातली बाई मला ओळखू आली नाही. म्हणून मला जमेल तसं मी लिहितो आहे. मी ड्रायव्हर माणूस, घडलं त्याच क्रमानं सांगेन.

आमच्याकडे फिरत्या दुकानाची गाडी होती. मी चालवायचो, ती विकायची. पाव, साखर, मीठ, माचिस, दिव्याच्या वाती, रबरी बूट. आमचं गाव नाव्होलोक, वेल्गा नदीच्या अल्याड. सडक अल्याड, दवाखाना अल्याड. पल्याड जंगल आणि जंगलात वाड्या, त्यातली मोठी झाबोर्ये. मध्ये पूल नाही. हिवाळ्यात बर्फावरून गाडी जायची, उन्हाळ्यात फेरीबोट. पण वसंतात बर्फ सुटताना आणि शरदात धरताना नदी कोणाचीच नसते. बर्फ माणूस पेलत नाही आणि होडीला वाट देत नाही. तेवढे दिवस पल्याडच्यांनी पल्याडच जगायचं, पल्याडच मरायचं.

त्या सोमवारी नदीच्या उतारावर प्रोखोर भेटला. उन्हाळ्यात तो फेरीबोट चालवायचा, हिवाळ्यात बर्फाची वाट राखायचा. दर पहाटे पहारीनं बर्फ टोचून बघायचा आणि वाटेच्या दोन्ही कडांना देवदाराच्या फांद्या रोवायचा.

"ऐकलंस ना?" कापानं विचारलं.

"मोजणीला मी तिथंच होतो," प्रोखोर म्हणाला. "अल्याड तू जिंकलीस. पल्याडनं पाडलं."

"पल्याडनं?"

"झाबोर्येनं तर मुळापासून."

 मी पट्टा सोडला, दोन्ही दारं उघडी ठेवून बांधली आणि गाडी हळूहळू बर्फावर घातली. गाडी खाली गेलीच तर उडी मारता यावी म्हणून आमच्याकडे अशीच चालवतात. उघड्या दारांतून वारा कानशिलात मारत होता. कापा समोर बघत बसली होती. मला वाटलं रडेल. पण तिचे कान लाल होत होते, आणि तिचे कान थंडीनं लाल होत नसत.

झाबोर्येला विहिरीपाशी बाया नेहमीसारख्या बर्फावर ओढायच्या घसरगाड्या घेऊन उभ्या होत्या. नेहमी गाडी दिसली की कलकलाट. त्या दिवशी सगळ्या आपापल्या बुटांकडे बघत होत्या. कापा साखर तोलत होती.

"मीठ?"

"नको."

"माचिस?"

"आहे घरात."

शेवटी ग्लाफिरा आजी आली. काठी टेकत, डोक्याला शालीवर शाल.

"काळे पाव दोन की तीन, आजी?"

"तीन दे. आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. मीच घातलं."

"काय घातलंत?"

"मत. त्या लाकूडवाल्याला."

कापानं हातातलं छोटं फावडं साखरेच्या पोत्यात खुपसलं. "का?"

"का म्हणजे? तू निवडून आलीस की शहरात जाणार. तिथं तुला गाडी, ड्रायव्हर..."

"ड्रायव्हर मला आत्तासुद्धा आहे!" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. मागे एक बाई फिस्सकन हसली आणि तिनं तोंडावर हातमोजा दाबला.

"हस बाई, हस," आजी म्हणाली. "पण आम्हाला पाव कोण आणणार? तुझ्या आधी होती ती आठवते? यायची तर पिऊन यायची. पावाला रॉकेलचा वास. आम्ही विचार केला, कापासारखी बाई मिळाली आहे, ती घालवायची का?"

"अहो पण मी उभी कशासाठी राहिले होते? पुलासाठी! तुमचा नीकोन..." आणि ती थांबली.

नीकोन आजीचा नवरा. मागच्या वसंतात बर्फ सुटत असताना त्याच्या पोटात कळ उठली. दवाखान्याची गाडी अल्याडच्या काठावर येऊन उभी राहिली. पल्याडहून लोकांना तिचा दिवा दिसत होता. नीकोनला घरातून उचलून काठावर आणलं होतं, त्यालाही दिसत होता. कापा अल्याडच्या काठावर उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडली होती, त्याला बोलता ठेवा, झोपू देऊ नका. संध्याकाळपर्यंत तो गेला. दिवा तसाच फिरत राहिला.

"नीकोनला विसरलात?" कापानं हळू विचारलं.

"मी विसरेन?" आजी म्हणाली. "पण माणूस एकदाच मरतो, पोरी. पाव आठवड्यातून दोनदा लागतो."

 तेवढ्यात मघाची हसणारी पुढे आली. "कापा, मला वाटलं बाकीच्या तुला देतील. माझं एक नाही दिलं तर कुठे बिघडतं? तू जिंकशील पण थोडक्यात, म्हणजे डोकं ठिकाणावर राहील."

"मलाही तसंच वाटलं," दुसरी म्हणाली.

"आणि मला!"

कापा पिठाच्या पोत्यावर बसली. तिचे खांदे हलायला लागले. मी गाडीतून उतरून मागे गेलो तर ती हसत होती. हसता हसता डोळे पुसत होती आणि मिशीसारखं पीठ तोंडाला लागलं होतं.

"वेन्या, ऐकलंस? ही माझी माणसं! ज्यांना मी नको त्यांनी मला मतं दिली. ज्यांना हवी आहे त्यांनी पाडली!" मग ती उठली आणि गरजली, "पुढच्या वेळी कोणी माझ्यावर इतकं प्रेम केलं तर याद राखा! पाव नाही, धोंडे देईन!"

बाया सुटल्यासारख्या एकदम बोलायला लागल्या. त्या दिवशी गाडीत एक पाव उरला नाही.

पुढची वेळ आम्हाला वाटलं त्याच्या आधीच आली. लाझुतिनला राजधानीत मोठी जागा मिळाली, वर्ष भरायच्या आत तो गेला. पोटनिवडणूक लागली ती एप्रिलच्या पहिल्या रविवारी. तारीख ठरवणाऱ्यांनी कॅलेंडर बघितलं होतं, नदी बघितली नव्हती. त्यात झाबोर्येच्या शाळेची खोली तापवायची विटांची भट्टी त्या हिवाळ्यात तडकली, म्हणून पल्याडच्या सगळ्या वाड्यांचं मतदान आमच्या नाव्होलोकच्या क्लबघरात ठेवलं. आणि कायदा असा की मतदार पुरेसे आले नाहीत तर निवडणूकच रद्द.

मार्चमध्ये कापा झाबोर्येला ग्लाफिरा आजीकडे बैठकीला गेली. मी सोबत होतो. खोलीत एवढी माणसं की काचांवरून पाणी गळत होतं. चहाचा समोवार दोनदा भरला. कापानं सरळ सांगितलं, "निवडून आले तरी दर शनिवारी मी स्वतः गाडीवर येईन. पाव मीच देईन. सोमवारचा पाव वेन्या आणेल."

"वेन्या सुटे पैसे चुकवतो," कोणीतरी म्हणालं.

"मग तुम्ही मोजून घ्या."

"शब्द काय," ग्लाफिरा आजी बशीतला चहा फुंकत म्हणाली, "शब्द लाझुतिननंही दिला होता. सडक देईन म्हणाला. पोस्टर दिलं. ते मी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलंय. काहीतरी तारण ठेव."

"काय ठेवू? माझी अंगठी?"

"अंगठी तुला आठवणारसुद्धा नाही. तुझी गाय ठेव."

सगळे हसले. मीही हसलो. कापा हसली नाही. आमची गाय मालिना, लाल, कपाळावर पांढरा ठिपका, गावात सगळ्यात दुधाळ. नुकतीच व्यायली होती. कापा कुठूनही परत आली तरी आधी गोठ्यात जायची, मग घरात. माझ्याकडे त्यानंतर.

"ठेवते," ती म्हणाली.

माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला. "अगं, ती गाय माझी आहे!"

"तुझी? दूध कोण काढतं?"

"गवत कोण कापतं?"

"कापतोस ना? तेही इथं आणून टाक," आजी म्हणाली. "दूध आमचं, गवत तुझं, गाय तिची. मालिना आमच्याकडे असली की कापाला शनिवार चुकायचा नाही. बाई नवऱ्याला विसरेल, पण गायीला नाही."

सगळ्यांना हे इतकं पटलं की माझं कोणी ऐकलंच नाही. असा करार दुसऱ्या कुठल्या गावात झाला असेल असं मला वाटत नाही. अजून आठवलं की हसू येतं आणि अंगही तापतं.

गाय बर्फावरून न्यायची म्हणजे खेळ नव्हे. खुरांना गोणपाट बांधलं. वाटेवर चुलीतली राख टाकली. कापा पुढे दोरी धरून, मी मागे ढुंगणाला खांदा लावून. किनाऱ्यावर अर्धं गाव. नदीच्या बरोबर मध्यावर मालिना थांबली, खाली वाकून तिनं बर्फ हुंगला आणि गुडघे मोडून बसली. मी ढकललं. तिनं शेपटी उचलली आणि माझा नवा कोट शेणानं माखला.

किनाऱ्यावरून प्रोखोर ओरडला, "वेन्या! यातली उमेदवार कोणती?"

"जी कमी हट्टी आहे ती!" कापा ओरडली. हसता हसता तिचाच पाय घसरला आणि ती मालिनाच्या मानेवर पडली. गाय दचकून उठली आणि अशी सुटली की पल्याडच्या काठापर्यंत आम्ही दोघं दोरीला लोंबकळत गेलो. पल्याडचे लोक टाळ्या वाजवत होते. एवढी मोठी प्रचारसभा लाझुतिनची झाली नसेल.

मग हवा फिरली. शेवटच्या आठवड्यात दक्षिणेचा वारा सुटला, पाऊस लागला. बर्फावर पिवळं पाणी चढलं. शुक्रवारी प्रोखोरनं वाट बंद केली, फांद्या उपटून काठावर ढीग केला. मतदान अधिकाऱ्यांनी मतपेटी पल्याड न्यायला नकार दिला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना पोरंबाळं होती.

रविवारी सकाळी अल्याडचे लोक मतं देऊन गेले. मोजायला बसलेल्यांच्या तोंडावरूनच कळत होतं की पुरत नाही. कापा घरी बटाटे सोलत होती. एकेका बटाट्याची साल अशी जाड काढत होती की आत काही उरत नव्हतं.

"पुन्हा पुढच्या वर्षी," मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी कोण नीकोन असेल?" ती म्हणाली.

दुपारी प्रोखोर धावत आला. टोपी हातात, दम लागलेला. "कापा! पल्याडचे उतरले!"

"कुठे उतरले?"

"बर्फावर!"

ती सुरी हातात घेऊनच पळाली. उतारावरून खाली बघितलं तर राखाडी नदीवर काळी रांग. माणसं एकामागे एक, दूर दूर, प्रत्येकाच्या हातात लांब काठी. पुढचे फळ्या आणि शिड्या टाकत होते, मागचे उचलून पुढे देत होते. सगळ्यांच्या कमरेला एकच दोर. मध्ये एक घसरगाडी, तिच्यावर पोटावर पालथी पडलेली गाठोड्यासारखी ग्लाफिरा आजी.

"परत जा!" कापा ओरडली. "परत जा, गाढवांनो! मेलात तर एकेकाला मारीन!"

मतदान केंद्राचा अधिकारी मागून धापा टाकत आला. "कापितोलिना आर्सेन्येव्हना! मतदानाच्या दिवशी उमेदवारानं मतदारांना हाका मारायच्या नाहीत!"

"हाका कुठे मारतेय? हाकलतेय!"

"तेही चालत नाही!"

नदीवरून ग्लाफिरा आजीचा बारीक आवाज आला. "कापा! ओरडू नकोस! बर्फ हादरतो!"

ती गप्प झाली. आयुष्यात मी तिला असं एकदम गप्प झालेलं तेवढंच एकदा पाहिलं. तिनं माझी बाही धरली आणि बाहीसकट दंड असा आवळला की पुढे आठवडाभर तिथं पाच बोटं दिसत होती. मी हात सोडवला. प्रोखोर आणि मी काठावरच्या होडीखालच्या फळ्या काढल्या आणि समोरून निघालो.

पायाखाली बर्फ नव्हता, ओल्या साखरेसारखं काहीतरी होतं. पाय टाकला की सुस्कारा सोडायचं. मी गुडघ्यांवर रांगत फळी पुढे सरकवत होतो. छाती इतकी उडत होती की मला वाटलं, बर्फ तिनंच फुटेल. आणि खरं सांगतो, भीती होती पण त्याहून जास्त आनंद होता. हे लोक येत होते! ज्यांनी तिला घरच्या घरी बसून पाडलं होतं ते बर्फावर पोटावर सरपटत येत होते!

दोन्हीकडच्या फळ्या हातभर अंतरावर आल्या आणि प्रोखोर खाली गेला. आवाजसुद्धा झाला नाही. छातीपर्यंत पाण्यात, हात बाहेर, तोंडातून फक्त शिव्या. पल्याडच्यांनी दोर फेकला, मी कॉलर धरली, सगळ्यांनी ओढलं. तो फळीवर आला तेव्हा त्याचा एक बूट नदीत गेला होता.

"माझं मत मी सकाळीच दिलंय," तो दात वाजवत म्हणाला. "हे फुकटचं."

सगळे काठावर आले. एकही माणूस कमी नाही. क्लबघरात शिरले तेव्हा त्यांच्या नमद्याच्या लोकरी बुटांतून पाणी निथळत होतं, जमिनीवर तळं झालं. ग्लाफिरा आजीनं चष्मा मागितला, मतपत्रिका नाकाशी धरली आणि मोठ्यानं म्हणाली, "या वेळी बरोबर जागी खूण करते हं!"

"आजी, गुप्त असतं!" अधिकारी कळवळला.

"नदीवरून आले ते सगळ्या जगानं बघितलं. आता काय गुप्त?"

कापा बाहेर पायरीवर बसली होती. सुरी अजून हातात. मी शेजारी बसलो. "आले," मी म्हणालो.

"दिसलं," ती म्हणाली. "आता पूल नाही बांधला तर मी यांना तोंड कसं दाखवू? त्यांनी माझ्या गळ्यात दोर घातला, वेन्या."

उन्हं उतरायच्या आत तोफ सुटल्यासारखा आवाज झाला आणि वेल्गा हलली. बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत, घुसळत निघाले. पल्याडचे सगळे अल्याड अडकले. आमच्या घरात बाकांवर, भट्टीच्या उबदार कट्ट्यावर, माळ्यावर, जिथं पाठ टेकेल तिथं माणसं. दुसऱ्या दिवशी निकाल लागला. ती जिंकली, इतक्या थोडक्यात की फरक बहुतेक आमच्या घरात झोपलेल्यांच्या मतांचाच होता. नव्या आमदारीणबाई तेव्हा चुलीशी उभ्या राहून सगळ्यांसाठी कोबीचं सूप ढवळत होत्या. कोणीतरी अकॉर्डियन काढलं. प्रोखोर एका बुटावर नाचला. न्हाणीघराची चूल तीन दिवस विझली नाही.

बर्फ वाहून पाणी होडी घेईपर्यंत ते सगळे आमच्याकडे होते. रोज काठावर जाऊन पल्याड राहिलेल्यांना ओरडून विचारायचे, कोंबड्यांना दाणे घातले का, बकरी कशी आहे. मीही ओरडायचो, "मालिना कशी आहे?" आणि पल्याडहून उत्तर यायचं, "तुझ्याविना सुखात!"

अशी ती आमदार झाली. नंतर पुन्हा दोनदा निवडून आली, त्या वेळी कोणाला सरपटावं लागलं नाही. मालिना दुसऱ्या हिवाळ्यात परत आली, लठ्ठ होऊन. आजी म्हणाली, आता पटलं, ने.

शनिवार तिनं पाळला. शुक्रवारी बैठक संपली की ती शहरातून बस धरायची, सकाळी नाव्होलोकच्या वळणावर उतरायची. मी गाडी घेऊन उभा असायचो. ती गाडीतच शहरी कोटावर पांढरा एप्रन चढवायची आणि सँडविच खात खात सांगायची, कोण काय बोललं, कोणी कोणाला फसवलं. बोलता बोलता हात इतके हलवायची की मला गिअर टाकता यायचा नाही. नदी बंद असली की काठापर्यंत जाऊन ओरडून हिशेब घ्यायची, कोण आजारी, कोणाकडे काय संपलं. विधानसभेत तिला पाठीमागे 'पाववाली' म्हणायचे. तिला ते कळलं तेव्हा एका सोमवारी तिनं आमच्या बेकरीचा काळा पाव तिथं नेला आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक काप ठेवला. "खा," म्हणाली, "नावं ठेवताना तोंड कोरडं पडत असेल."

गावातही मला चिडवायचे. दुकानाच्या रांगेत "आमदारीणबाईंच्या यजमानांना पुढे जाऊ द्या." मी पुढे जायचो आणि कमी माप मिळालं तर तक्रार कोणाकडे करणार? लोक म्हणायचे, घरीच कर.

तिच्या बोलण्यात पूल असायचाच. अर्थसंकल्पात पूल चढायचा, उतरायचा. एका वर्षी नकाशा निघाला, पुढच्या वर्षी नकाशावरच दुसरा कोणी बसला. मग एका शरदात ती बसमधून उतरली आणि एप्रन न घालता नुसती बसून राहिली.

"मिळाला," ती म्हणाली. "खांबांचं काम उन्हाळ्यात सुरू होईल."

मी गाडी बाजूला घेऊन तिला मिठी मारली. ती लाकडासारखी होती.

"काय झालं?"

"तालुक्यातला प्रसूतीचा दवाखाना बंद करायचा ठराव होता. मी हात वर केला. त्याबद्दल खांब." तिनं उजवा खांदा दाबला. "अजून दुखतोय, वेन्या."

त्या शनिवारी झाबोर्येला तिनं दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका पोटुशीनं पाव घेतला आणि म्हणाली, "म्हणजे आता मला पूल आला की त्यावरून लांबच्या शहरात बाळंतपणाला जाता येईल." कापानं मान खाली घातली आणि तिला पाव तोलून दिला, जसा कधी तोलत नसे, कारण पाव नगावर विकतात.

पण खांब उभे राहिले! पहिला खांब पाण्यातून वर आला त्या दिवशी दोन्ही काठांवर माणसं होती. मोठं यंत्र घण मारत होतं, जमीन हादरत होती, कापा पोरीसारखी उड्या मारत होती. "बघ! बघ! हलत नाही!" ग्लाफिरा आजीला पल्याडच्या काठावर खुर्ची मांडून बसवलं होतं. ती प्रत्येक घणाला मान डोलावत होती.

मागच्या वर्षी कापाला खोकला लागला. ती म्हणाली सर्दी. ऑक्टोबरात शहरातल्या इस्पितळात तिला ठेवून घेतलं. मी गेलो की ती खांबांचं विचारायची. मी सांगायचो, वर तुळया टाकतायत. "कोणत्या खांबापर्यंत?" मी सांगायचो. एकदा मी एक खांब जास्त सांगितला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "खोटं बोलताना तुझा डावा डोळा बारीक होतो." नोव्हेंबरात ती गेली.

तिची आई झाबोर्येच्या दफनभूमीत आहे. तिथंच तिला ठेवायचं होतं. मी तिला घरी आणलं तेव्हा वेल्गेत बर्फाचा रगडा वाहत होता. फेरीबोट दोन दिवसांपूर्वी ओढून काठावर घेतली होती. शवपेटी क्लबघरात ठेवली, तिथं देह टिकावा म्हणून भट्टी पेटवली नाही. प्रोखोर, आता म्हातारा, रोज पहाटे पहार घेऊन नदीवर जायचा आणि परत येऊन नुसती मान हलवायचा. पल्याडचे लोक रोज काठावर येऊन उभे राहायचे, टोप्या काढून. आम्ही या काठावर. कोणी ओरडत नव्हतं. शहरातून एक साहेब आले, पेटीपाशी भाषण केलं, तिचं स्वप्न पुरं करू म्हणाले, आणि सडक गोठायच्या आत निघून गेले.

मी भट्टी न पेटवलेल्या खोलीत तिच्याजवळ बसायचो आणि मला राग यायचा. दुःखाहून राग मोठा होता. तीन वेळा निवडून आलेली बाई, आणि तिला नदी ओलांडता येत नव्हती.

बर्फ धरला तेव्हा झाबोर्येचे लोकच तिला न्यायला आले. मी घसरगाडीच्या दोराला हात लावला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाले, तू चाल नुसता. हातांनी ओढायच्या घसरगाडीवर पेटी बांधली, पाईन-देवदाराच्या फांद्यांनी झाकली. मी मागे चाललो. वर बघितलं की शेजारून खांब जात होते, एकेक करून.

पुलाचे सगळे खांब उभे आहेत. अल्याडकडून तिसऱ्या खांबापर्यंत वरचा रस्ता झाला आहे. तिसऱ्या खांबापासून पल्याडपर्यंत काही नाही.